भिंतीला दिवस गेले

"सरका, सरका! आईच्या डोळ्यांत पाणी भरलंय!"

एवढं ऐकायचा अवकाश, माझ्या भाचीच्या घरामागचं अख्खं अंगण पुढे कलंडलं. अंगण म्हणजे माणसं. गुडघे धरून आलेले म्हातारे, परीक्षेला बसलेली मुलं, त्यांच्याहून जास्त घाबरलेले त्यांचे आईबाप, दुकान चालत नाही म्हणून आलेले आणि दुकान फार चालतं म्हणून झोप उडालेले. प्रत्येकाच्या हातात बाटली. एकाची तर खोकल्याच्या औषधाची होती, आतलं औषध मोरीत ओतून आणलेली. आणि सगळ्यांची तोंडं एका भिंतीकडे.

भिंत दीड माणूस उंच. तिच्यावर डोंगरातल्या दगडासारख्या दिसणाऱ्या करड्या फरश्या बसवलेल्या. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर दोन ओले डाग, शेजारी शेजारी, मध्ये नाकापुरती जागा सोडून. डागांखाली मिठासारखे पांढरे ओघळ. बघता बघता डाव्या डागातून एक थेंब फुटला आणि घाई नसल्यासारखा खाली उतरला. मग उजव्यातून एक. मग दोन्हींतून धार लागली, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक.

लोकांच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

भिंतीला लागून गादी टाकून पाझरबाबा बसले होते. भिंतीला पाझर फुटला आणि चौथ्या दिवशी हे उगवले, म्हणून पाझरबाबा. त्याआधी ते कुठे होते आणि काय फोडत होते, कुणाला ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर काय देतो?" बाबांनी विचारलं.

"गोळी!"

"गोळी कुठून येते? कारखान्यातून. कारखाना कुणाचा? माणसाचा. आणि हे पाणी कुणाचं? आईचं! मग सांगा, गोळी मोठी की आई मोठी?"

"आई!"

असं विचारल्यावर 'गोळी' म्हणायची कुणाची टाप आहे? मीसुद्धा तोंडातल्या तोंडात 'आई' म्हणाले.

मग बाबा उठले आणि भिंतीच्या मध्यावरून त्यांनी तळवा फिरवला. डोळ्यांच्या खाली, कमरेच्या वर, भिंत पुढे आली होती. चांगली वीतभर पुढे. गेल्या महिन्यात एवढी नव्हती.

"कुजबुजत होतात ना सगळे? आज सांगून टाकतो. आईला दिवस गेलेत. रडते ती दुःखानं नाही, डोहाळ्यांनी."

मी फस्सकन हसणार होते, पण हसू घशातच राहिलं. कारण त्या फुगवट्याच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून माझी भाची बसली होती.

चिमी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली आणि चिमी अर्धीअधिक माझ्या रंगशाळेत वाढली. रंगशाळा म्हणजे काही शाळाबिळा नव्हे. दोन मोठी पातेली, एक गॅसची शेगडी, दोऱ्या आणि ओढण्या-साड्या रंगवून घ्यायला येणाऱ्या बायका. शाळा माझी लहानपणीच सुटली होती. पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून आणि कापडं बिघडवून शिकले. चिमी तिथेच पातेल्याशेजारी बसून अभ्यास करायची. तिच्या वह्यांच्या कडा नेहमी जांभळ्या असायच्या.

लग्नानंतर दोन वेळा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. डॉक्टरीण म्हणाली होती, "तपासण्या करू, उपचार आहेत, वेळ लागेल." बाबा म्हणाले, "आईच्या पोटाखाली पाठ टेकून बस. दुपारपासून दिवे लागेपर्यंत. आईचं सुखरूप झालं की तुझं होईल." आता तुम्हीच सांगा, दमलेल्या बाईला यातलं सोपं काय वाटणार?

गर्दी ओसरल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. फरशी गार होती. ओल थेट पाठीत शिरली.

"चिमे, सर्दी होईल गं."

"होऊ दे."

"त्या भिंतीला काहीतरी झालंय. बघ ना कशी वाकलीये."

"मावशी, तुला कशातच काही दिसत नाही ना? मला दिसतंय. तेवढं तरी ठेव माझ्याकडे."

तेवढ्यात माझ्या डोक्याच्या मागे 'टक्' असा आवाज झाला. एका फरशीचा कोपरा तडकून उडाला आणि माझ्या पदरात येऊन पडला.

"चुटकी वाजवते ती," चिमी डोळे न उघडता म्हणाली. "बाबांनी सांगितलंय. जागी असली की वाजवते."

तो तुकडा पदरात घेऊनच मी घरी गेले.

या भिंतीचा इतिहास सांगायचा तर चिमीच्या नवऱ्यापासून, म्हणजे आमच्या जावईबापूंपासून सुरुवात करायला हवी. त्यांचं फरश्यांचं दुकान. घर डोंगरउतारावर, मागची माती कापून त्यांनी अंगण सपाट केलं. कापलेली माती घरावर येऊ नये म्हणून भिंत हवीच होती. पण नगरपालिकेचा नियम असा की, माती अडवणारी भिंत छातीएवढी असेल तर घरमालकानं खुशाल बांधावी. त्याहून उंच करायची तर इंजिनिअरचा नकाशा द्यायचा, परवानगी घ्यायची आणि काम चालू असताना त्यांच्या माणसाला दाखवायचं.

जावईबापूंना दीड माणूस उंची हवी होती आणि परवानगी नको होती. त्यांनी डोकं लढवलं. छातीएवढी एक भिंत बांधली. तिच्या मागे वीतभर सरकून, तिच्याच उरावर छातीएवढी दुसरी बांधली. मधली पायरी विटा-सिमेंटनं भरून सपाट केली आणि वरपासून खालपर्यंत फरश्या लावून टाकल्या. "कायद्यानं दोन, दिसायला एक!" असं म्हणून त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले होते. मीही एक खाल्ला होता.

ही सगळी हकीकत मी दुसऱ्या दिवशी माझ्या एका गिऱ्हाइकाला सांगितली. ओढणी रंगवायला टाकून गेलेली ही मुलगी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात होती. मी तिला इंजिनिअरबाई म्हणते, ती मला काकू म्हणते. मी आपली गंमत म्हणून सांगत होते. ओढणी हातात घेऊन ती ऐकत होती, आणि भिंतीला पोट आल्याचं ऐकलं तशी तिनं ओढणी टेबलावर ठेवली.

"काकू, भिंतीच्या मागे खडी भरलीये का? मोठी, पाणी खाली उतरून जाईल अशी?"

"छे! खोदलेली मातीच परत ढकलली. जावई म्हणाले, घरची आहे, विकत कशाला आणायची?"

"पाणी जायला भोकं?"

"होती. गवंड्यानं खाली पाइपचे तुकडे बसवले होते. पण त्यांतून गढूळ पाणी यायचं आणि अंगणातल्या पांढऱ्या फरशीवर डाग पडायचे. गिऱ्हाइकं घरी नमुना बघायला येतात हो. म्हणून जावयांनी भोकांवरूनच फरश्या बसवल्या."

इंजिनिअरबाईनं कपाळाला हात लावला.

"काकू, माती अडवायला आम्ही भिंत बांधतो, पण भिंत पाडतं ते पाणी. चिंब झालेली माती कोरडीच्या जवळजवळ दुप्पट रेटा देते. ती भोकं म्हणजे भिंतीच्या नाकपुड्या, आणि यांनी त्या बुजवल्या. वरच्या भिंतीचा भार खालचीच्या पाठीवर, म्हणून आम्ही त्या दोन भिंती धरतच नाही, एकच धरतो. नकाशा मागतो तो शिक्का मारायची हौस म्हणून नाही. कुणीतरी शांत बसून एकदा गणित करावं, एवढंच मागणं असतं."

"मग ती रडते ते?"

"कोंडलेलं पाणी वाट शोधतंय. फरश्यांच्या सांध्यातून जिथे सापडली तिथून येतंय."

"आणि पोट?"

तिनं पायांत चपला सरकवल्या. मग म्हणाली, "तिथे खाली कोण बसतं म्हणालात?"

त्याच दुपारी ती दोन माणसं घेऊन भिंत बघायला आली. दारात भक्तांनी त्यांना चपला काढायला लावल्या. पैकी एक जण परत जाताना बाटली भरून घेऊन गेला. त्याच्या सासूला दमा होता.

"भिंतीला परवानगी नाही," इंजिनिअरबाई म्हणाली. "ती धोकादायक आहे. अंगण ताबडतोब रिकामं करा."

बाबांनी गर्दीकडे वळून हात पसरले. "ऐका हो ऐका! आईला बाळंत व्हायला नगरपालिकेची परवानगी लागते! कुठल्या खिडकीवर मिळते, बाई? रांग मोठी आहे का?"

अंगण खदाखदा हसलं. आमच्या विहीणबाई, म्हणजे चिमीच्या सासूबाई, पदर खोचून पुढे झाल्या. "आमचं अंगण, आमची भिंत. तुम्ही कोण सांगणार?"

जावईबापू कोपऱ्यात खाली मान घालून उभे होते. मी त्यांना बाजूला घेतलं. "तुम्हाला तरी कळतंय ना?"

"मावशी, कळतं हो. पण आता भिंत पाडतो म्हटलं तर लोक मला पाडतील." मग हळूच म्हणाले, "दुकानात सगळे हीच फरशी मागतात. 'आईची फरशी' म्हणून."

गेटवर नोटीस लागली. तासाभरात तिच्यावर बाबांचा फोटो चिकटला. पोलीस बंदोबस्ताला लिहिलंय, एकदोन दिवस लागतील, असं इंजिनिअरबाई म्हणाली, आणि जाता जाता मागे वळून तिनं भिंतीच्या वरच्या कडेकडे जे बघितलं, ते मला मुळीच आवडलं नाही. मीही वर बघितलं. वरच्या कडेला निळी प्लास्टिकची टाकी दिसत होती.

वर कोण राहतं याचा विचार इतक्या दिवसांत कुणीच केला नव्हता. देवाचं पाणी कुठून येतं हे विचारायचं नसतं ना!

घराच्या बाजूनं पायऱ्यांची गल्ली वर जाते. मी धापा टाकत चढले. वर एक बँकेतले निवृत्त कॅशियर राहत होते. ऐकू कमी यायचं, माणूस गरीब स्वभावाचा. टाकी भिंतीच्या कडेवरच ठेवलेली, तिच्या शेजारी टोमॅटोचा वाफा, आणि कॅशियर बनियनवर उभे राहून नळीनं वाफ्यात पाणी सोडत होते. पाणी भरपूर, वाफा मात्र भरतच नव्हता. सोडलेलं पाणी माती गटागटा पीत होती.

"रोज घालता का हो?" मी ओरडून विचारलं.

"रोज! दुपारची झोप झाली की!"

खाली आईला संध्याकाळी हुंदका यायचा, कारण वर कॅशियरना दुपारी जाग यायची. देव बनियन घालून टोमॅटोला पाणी घालत होता आणि बिचाऱ्याला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

मी रंगवाली बाई. मला जे सुचायचं तेच सुचलं. दुसऱ्या दिवशी मिठाईवाल्याकडून खायच्या रंगाची मोठी पुडी आणली. माझ्याकडचा कापडाचा रंग वापरला नाही. लोक ते पाणी पीत होते आणि मला कुणाचं पोट बिघडवायचं नव्हतं. हाताला लागली ती गुलाबी पुडी. वाफ्यात ओतली, कॅशियरना नळ सोडायला सांगितला आणि खाली येऊन गर्दीत उभी राहिले. मनात म्हटलं, आता गुलाबी पाणी येईल, मी सांगेन रंग कुणी टाकला, आणि लोक शहाणे होऊन घरी जातील.

दिवेलागणीला पाणी आलं. करड्या फरशीवरून उतरताना ते गुलाबी दिसेना. ते लालसर दिसलं.

"रक्त!" कुणीतरी किंचाळलं.

"अहो, रक्त कसलं, रंग आहे, मी टाकलाय वर—" पण माझा आवाज माझ्याच कानाला पोचला नाही. बायका जमिनीवर बसल्या. खोकल्याच्या बाटलीवाला रडायला लागला. आणि बाबा? एक क्षण, फक्त एक क्षण त्यांच्या तोंडाचा आ वासलेला मी बघितला. पुढच्या क्षणी ते गादीवर उभे होते.

"कळा सुरू झाल्या! आईला कळा सुरू झाल्या! उद्या, उद्या संध्याकाळी आई मोकळी होणार! झाडून सगळे या. पोराबाळांना आणा. आईच्या पायाशी बसा, एकानंही मागे राहू नका!"

मी गार पडले. शहाणपणा करायला गेले आणि गावभरची माणसं त्या भिंतीखाली बोलावून ठेवली.

इंजिनिअरबाईला फोन केला. ती म्हणाली, "तुम्ही रंग आधी सांगायला हवा होता काकू. नंतर सांगितलं की ती पळवाट दिसते."

बरोबर होतं तिचं.

सकाळी अंगण अजून रिकामं होतं. बाबांचा चेला नेहमीप्रमाणे भिंतीच्या तळाशी बादली घेऊन 'आईची सेवा' करून नुकताच गेला होता. चिमी येऊन बसली होती. रात्रभरात मागच्या खोलीच्या दाराची चौकट तिरकी होऊन दार लागेनासं झालं होतं; ते तसंच अर्धवट उघडं लटकत होतं. भिंतीच्या पायथ्याला मुंग्यांची रांग लागली होती, सगळ्या बाहेर चाललेल्या, तोंडात अंडी धरून.

"चिमे, माझं एक काम कर. एक रंग सांग."

"कशाला?"

"आज भिंतीतून त्या रंगाचं पाणी येईल. कुणाला सांगू नकोस. बाबांना नाही, सासूबाईंना नाही, नवऱ्याला नाही. फक्त तू आणि मी."

तिनं डोळे उघडले. "आणि नाही आलं तर?"

"नाही आलं तर मी तुझ्या शेजारी बसेन. या भिंतीला पाठ लावून, तू म्हणशील तितके दिवस."

तिला काय चाललंय ते कळलं होतं. पातेल्याशेजारी वाढलेली पोर ती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोपटी."

मिठाईवाल्याकडून पोपटी पुडी आणून मी वर गेले. इंजिनिअरबाई आधीच वाफ्याजवळ बसली होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. तिनं बोट दाखवलं. टाकी आणि वाफा यांच्या मधून जमिनीला एक भेग गेली होती, भिंतीच्या बरोबरीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "काल इथे सुरी गेली असती," ती म्हणाली. "आज हात जातो." तिनं कॅशियरना टाकी रिकामी करायला लावली, पाणी पलीकडच्या गटारात सोडून.

"रंग टाकायला पाणी सोडावं लागेल," मी म्हटलं. "चालेल?"

तिनं विचार केला. "तांब्याभर. वरून नको, भेगेत. आतली माती पाण्यानं भरलेलीच आहे. ते खाली ढकललं जाईल. आणि काकू, रंग येवो न येवो, दुपारनंतर मी कुणालाच तिथे बसू देणार नाही. ओढून काढावं लागलं तरी."

दुपारीच गर्दी लोटली. लोकांनी खरंच पोरंबाळं आणली होती. आज कुणी उभं नव्हतं, सगळे बसले होते, भिंतीच्या पायापर्यंत. इंजिनिअरबाई गेटवरून ओरडून सांगत होती, पोलिसांना फोनवर फोन लावत होती, पण आत तिचं कुणी ऐकत नव्हतं. चिमी आपल्या जागेवर. मी तिच्यासमोर, भिंतीकडे तोंड करून.

'टक्.' एक फरशी. 'टक्, टक्.' आणखी दोन.

"कळा!" बाबा म्हणाले. "घाबरू नका. आज आईला पान्हा फुटेल. दुधासारखं पांढरं पाणी येईल. ज्याच्या अंगावर पडेल त्याचं भलं होईल. पुढे सरका!"

लोक पुढे सरकले. मग डाव्या डोळ्यात पाणी भरलं.

थेंब काठावर आला, लोंबला आणि पांढऱ्या ओघळावर पडला. त्या पांढऱ्यावर तो स्वच्छ दिसला. पोपटी. कोवळ्या पानासारखा पोपटी.

अंगण चिडीचूप झालं. चिमी उठून उभी राहिली. वळून तिनं भिंतीकडे बघितलं आणि बोटानं तो ओघळ पुसून बोट डोळ्यांसमोर धरलं.

"हा रंग मी सांगितला होता," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "सकाळी. मावशीच्या कानात."

बाबा हरणारे नव्हते. "बघा! आईनं लेकीच्या मनातलं ओळखलं!"

"आईनं ओळखलं असेल," चिमी म्हणाली, "तर आईला सांगा, माझ्या मनात आता कुठला रंग आहे तो दाखव. मावशी इथेच आहे, माझ्यासमोर."

"आईची परीक्षा घ्यायची नसते, पोरी."

"मग माझी कशाला घेतलीत? इतके दिवस?"

ती गर्दीतून वाट काढत बाहेर पडली आणि गल्लीच्या पायऱ्या चढायला लागली. मी मागे धावले. माझ्यामागे खोकल्याच्या बाटलीवाला, त्याच्यामागे चारदोन बायका, मग बरेच जण. रंग कुठून आला हे बघायची उत्सुकता बाबांपेक्षा मोठी ठरली. वर कॅशियर रिकाम्या टाकीला टेकून उभे होते. मातीवर पोपटी शिंतोडे, त्यात कागदाची फाटकी पुडी. आणि ती भेग.

चिमी भेगेशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं हात आत घातला. हात कोपरापर्यंत गेला.

मग तिनं कडेवरून खाली बघितलं. खाली माणसं बसली होती, मांडीवर मुलं घेऊन. वरून त्यांची डोकी दिसत होती.

"उठा!" ती ओरडली. तिच्या अंगात एवढा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. "भिंत सुटलीये! मातीपासून सुटलीये! माझा हात जातोय आत! मुलांना घ्या आणि बाहेर पळा!"

बाटलीवाल्यानं भेगेत वाकून बघितलं आणि तोही ओरडला, मग बायका ओरडल्या. खालचे लोक इंजिनिअरचं ऐकत नव्हते, माझं ऐकत नव्हते. पण रोज भिंतीला पाठ लावून बसणारी बाईच 'उठा' म्हणते म्हटल्यावर उठले. जावईबापूंनी, त्यांचं भलं होवो, गेट उपटूनच काढलं आणि आईला, आमच्या विहीणबाईंना, उचलून रस्त्यावर आणलं. त्या शेवटपर्यंत "माझी चटई" म्हणून ओरडत होत्या.

बाबा गादीवरून हलले नाहीत. "पळा, भित्र्यांनो! आई मला—" एवढ्यात चेल्यानं गादीच त्यांच्याखालून ओढली आणि गादीसकट पळाला. तेव्हा बाबाही पळाले. मी इतक्या वेगानं पळणारा सिद्धपुरुष दुसरा पाहिलेला नाही.

भिंत लगेच पडली नाही. पाऊण तास ती तशीच उभी राहिली, आणि तो पाऊण तास फार वाईट होता. आम्हीही कॅशियरना घेऊन पायऱ्या उतरून आलो होतो, आणि सगळे रस्त्यावरून बघत होते. काही जण म्हणायला लागले, उगाच घाबरवलं. एक जण चप्पल विसरली म्हणून परत आत निघाला, त्याला चौघांनी धरलं. फरश्या एकेक करून सुटत होत्या. मग पोटाचा भाग सावकाश, अगदी सावकाश खाली बसला आणि वरचा सगळा डोंगर त्याच्यावरून अंगणात आला. आवाज मोठा नव्हता. एखाद्या मोठ्या जनावरानं उसासा टाकावा तसा होता. मागच्या खोलीची भिंत आत गेली. चिमी बसायची तिथे माणसाच्या डोक्याच्या वर चिखल होता.

एक म्हातारी म्हणाली, "झाली मोकळी," आणि चिखल घ्यायला पदर पसरून पुढे निघाली. तिला चिमीनंच धरून बसवलं.

दुसऱ्या दिवशी ढिगारा उपसताना सगळं हाताला लागलं. फरश्यांमागे गवंड्यानं ठेवलेले पाइपचे तुकडे, तोंडं बंद. आणि तळाच्या रांगांतल्या सांध्यांत कोंबलेली ताजी लांबी, नळाच्या गळतीला लावतात ती, बोटांच्या ठशांसकट. पाणी खालून झिरपू लागलं की डोळ्यांपर्यंत चढत नसे. म्हणून चेला रोज सकाळी 'सेवा' करून खालचे सांधे बुजवत होता. जितके सांधे बुजवले तितके अश्रू वाढले, आणि जितके अश्रू वाढले तितकं पोट. जावयांनी नाकपुड्या बंद केल्या होत्या, बाबांनी तोंड बंद केलं. कॅशियरच्या मोरीचा पाइपही त्याच मातीत फुटलेला सापडला. म्हणजे लोक इतके दिवस कॅशियरच्या आंघोळीचं पाणी पीत होते. हे मी फार जणांना सांगितलं नाही. दम्यावाल्या सासूबाईंना तर मुळीच नाही.

चिमी दोन दिवस माझ्याकडे राहिली. तिसऱ्या दिवशी पातेलं ढवळताना म्हणाली, "मावशी, तू माझ्याकडचं तेवढंही काढून घेतलंस."

"हो गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिला जवळ घेतलं. ती खूप रडली. मग तोंड धुऊन म्हणाली, "डॉक्टरणीचा नंबर तुझ्याकडे आहे का?" पुढे तिला मूल होईल की नाही, मला माहीत नाही. ते मी इथे गोड करून सांगणार नाही.

आता तिथे नवीन भिंत उभी राहते आहे. नकाशा काढून, परवानगी घेऊन, पाया खोल नेऊन, मागे खडी भरून, तळाला पाणी जायला नळी टाकून. भोकं उघडी. अंगणात चिखलाचे डाग पडणार. जावईबापू म्हणतात, पडू देत.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. घरामागे माती अडवणारी भिंत असेल तर आजच जाऊन बघा. भोकं बुजली आहेत का, फरश्या सुटताहेत का, पोट पुढे आलंय का, वर कडेला टाकी किंवा गाडी ठेवली आहे का, जमिनीला भेग गेली आहे का. शंका आली तर जाणत्या माणसाला बोलवा. परवानगी मागणाऱ्याला शिव्या देण्याआधी तो ती का मागतो ते विचारा. आणि कुणी येऊन म्हणालं की भिंत रडते, तर हात जोडायच्या आधी वर चढून जा आणि पाणी कुठून येतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पण तेव्हा भिंतीखाली कुणी आस लावून बसलं असेल, तर आधी त्याला तिथून उठवा. त्याला हसू नका, आणि वाद नंतर घाला.